उदास असताना जग खरंच फिकं दिसतं का?

तिरीप
रविवार, सकाळी ११:२०

मन थाऱ्यावर नसलं की सगळं फिकं-फिकं वाटतं, असं आपण सगळेच म्हणतो. मी मानसशास्त्र शिकवते. वर्गात दृष्टीचं प्रकरण सुरू झालं की कोणीतरी हमखास विचारतं, "मॅडम, हे नुसतं वाटतं की खरंच तसं दिसतं?" उत्तर एका तासात मावत नाही, म्हणून हा धागा.

यात दोन प्रश्न आहेत आणि ते कायम एकमेकांत कालवले जातात. मनःस्थितीमुळे दिसणं बदलतं का, हा एक. आणि डोळ्यात शिरणाऱ्या उजेडामुळे, समोर दिसणाऱ्या गोष्टींमुळे मनःस्थिती बदलते का, हा दुसरा. माझं मत आधीच सांगून टाकते, म्हणजे भांडायला सोयीचं: दुसऱ्याचे पुरावे भक्कम आहेत, पहिल्याचे बरेचसे लेचेपेचे.

तरी पहिल्यातला एक प्रयोग मला झटकून टाकता येत नाही. जर्मनीतल्या फ्रायबुर्ग विद्यापीठात २०१० साली झालेला. नैराश्याचं निदान झालेली ४० माणसं आणि ४० निरोगी. पडद्यावर काळ्या-पांढऱ्या चौकटी, काळ्याच्या जागी पांढरी आणि पांढऱ्याच्या जागी काळी अशी सतत अदलाबदल चाललेली. मग काळ्या-पांढऱ्यातला फरक, म्हणजे कॉन्ट्रास्ट, पायरीपायरीने कमी-जास्त करायचा. डोळ्यापाशी एक बारीक इलेक्ट्रोड लावलेला असतो, तो दृष्टिपटलातून, म्हणजे रेटिनातून निघणारा विजेचा संकेत टिपतो. कॉन्ट्रास्ट वाढला की संकेत वाढतो, हे नेहमीचं. नैराश्य असलेल्यांमध्ये ही वाढ स्पष्टपणे कमी होती. औषध चालू असलेल्यांतही आणि नसलेल्यांतही. आणि आजार जितका तीव्र, तितका संकेत मंद. २०१२ साली त्याच गटाने उपचारानंतर परत मोजणी केली, तर बरे झालेल्यांचा संकेत निरोग्यांच्या पातळीला आलेला होता.

यात मला आवडलेली गोष्ट म्हणजे कोणालाही "तुम्हाला कसं दिसतंय?" असं विचारलेलंच नाही. माणूस फक्त पडद्याकडे बघत बसतो, मोजणारं यंत्र असतं. कारण काय असावं? दृष्टिपटलातल्या काही पेशी डोपामिन, म्हणजे पेशींमध्ये निरोप पोचवणारं एक रसायन, वापरतात आणि कॉन्ट्रास्टच्या कामात डोपामिनचा हात असतो. पार्किन्सन्समध्ये डोपामिन घटतं, तिथेही कॉन्ट्रास्ट ओळखायला त्रास होतो. म्हणजे धागा जुळतो, सिद्ध झालाय असं नाही.

आणि हो, हे सगळं काळ्या-पांढऱ्यातल्या फरकाबद्दल आहे. रंगाबद्दल नाही.

तुमचे अनुभव, शंका येऊ द्या.

खारीक
रविवार, दुपारी १२:०५

वाचतेय. आमच्या ह्यांचा मूड कसाही असो, फ्रीजमध्ये समोर ठेवलेली कोथिंबीर त्यांना दिसत नाही. त्यावर जर्मनीत काही झालंय का?

शंकासुर
रविवार, दुपारी १:४०

धागा चांगला आहे. आता माझं काम करतो.

"रंगाबद्दल नाही" ही ओळ ठळक करा मॅडम, कारण लोक नेमकं तेच ऐकून जातात. २०१५ मध्ये अमेरिकेतल्या रोचेस्टर विद्यापीठातून एक शोधनिबंध आला होता. विद्यार्थ्यांना एका ऍनिमेशनपटातला बाप मरतो तो तुकडा दाखवला, दुसऱ्या गटाला विनोदी कार्यक्रमाचा. मग फिकट केलेले रंगांचे तुकडे ओळखायला लावले. दुःखी गटाच्या निळ्या-पिवळ्या बाजूच्या चुका जास्त, लाल-हिरव्या बाजूला फरक नाही. झालं. जगभरच्या वर्तमानपत्रांत "उदास माणसाला निळा रंग नीट दिसत नाही".

गोम अशी, की निळ्या-पिवळ्यावर परिणाम झाला आणि लाल-हिरव्यावर नाही, असं म्हणायचं तर त्या दोन परिणामांची एकमेकांशी थेट तुलना करावी लागते. एकात फरक सापडला आणि दुसऱ्यात सापडला नाही, एवढ्याने ते दोन परिणाम वेगळे ठरत नाहीत. ती तुलना केलेलीच नव्हती. शिवाय चित्रफीत दाखवण्याआधी कोणाला रंग किती ओळखता येतात हे मोजलेलं नव्हतं. काही महिन्यांत लेखकांनी तो निबंध स्वतःच मागे घेतला. हे त्यांच्या बाजूने नोंदवतो, कारण सगळेच एवढा सरळपणा दाखवत नाहीत. पण मागे घेतल्याची बातमी किती जणांनी वाचली? व्हॉट्सॲपवर तो निबंध अजून जिवंत आहे.

दुसरी भानगड जास्त मजेदार आहे. एल ग्रेको नावाचा सोळाव्या शतकातला चित्रकार, मूळचा ग्रीक, स्पेनमध्ये राहिलेला. त्याच्या चित्रातली माणसं लांबुडकी, ताणलेली. कोणीतरी शक्कल लढवली की त्याच्या डोळ्यात दोष असणार, त्याला माणसं तशीच लांब दिसत असणार. ऐकायला पटतं ना? पण दोष असेल तर त्याला कॅनव्हासही ताणलेलाच दिसणार. मग समोरच्या माणसाशी जुळवून चित्र काढलं की दोन्हीकडचा ताण कटून चित्र सरळच यायला हवं.

आता २०१२ मधला एक अभ्यास बघा. लोकांना आपण केलेलं एखादं वाईट कृत्य आठवून लिहायला सांगितलं, आणि मग खोलीत उजेड किती आहे त्याला १ ते ७ मध्ये गुण द्यायला सांगितले. वाईट कृत्य लिहिलेल्यांनी खोली जास्त अंधारी असल्याचं सांगितलं. येल विद्यापीठातल्या फायरस्टोन आणि शॉल या दोघांनी २०१४ मध्ये हाच प्रयोग परत केला, फक्त आकड्यांऐवजी करड्या रंगाच्या फिक्या-गडद पट्ट्या दिल्या: खोलीच्या उजेडाशी जुळणारी पट्टी निवडा. जग खरंच काळवंडलेलं दिसत असेल तर पट्टीही काळवंडलेली दिसणार, हिशेब कटणार, फरक शून्य यायला हवा. तो शून्य आला नाही. लोकांनी याही वेळी गडद पट्टी निवडली. म्हणजे फरक डोळ्यात नव्हता, उत्तर देण्यात होता.

या विषयातल्या निम्म्याअधिक सुरस कथांना हीच कसोटी लावून बघा.

तिरीप
रविवार, दुपारी ३:१५

शंकासुर, तुम्ही येणार हे ठाऊक होतंच. :)

सगळं मान्य, म्हणून तर मी फ्रायबुर्ग निवडला. तिथे उत्तर देणाराच नाही, तेव्हा उत्तरात खोट शिरायला जागा नाही. रोचेस्टरच्या निबंधाबद्दल मीही मुलांना सांगते, पण संख्याशास्त्राच्या तासाला.

अजून एक भर. व्हर्जिनिया विद्यापीठातला टेकडीचा प्रयोग याच रांगेतला. टेकडीच्या पायथ्याशी उभं करून उदास संगीत ऐकवलं की चढ जास्त तीव्र वाटतो, आनंदी ऐकवलं की कमी. पाठीवर ओझं दिलं तरी चढ वाढतो म्हणे. पण ओझं कशासाठी दिलंय त्याचं पटेल असं वेगळंच कारण सांगितलं, की तो परिणाम जवळपास नाहीसा झाला. लोकांनी प्रयोगाचा हेतू ओळखून उत्तरं दिलेली.

शंकासुर
रविवार, दुपारी ३:३२

पाठीवर पिशवी देऊन टेकडीसमोर उभं केलं तर काय उत्तर हवंय हे आमच्या चौथीतल्या पोरालाही कळेल.

माजघर
रविवार, संध्याकाळी ६:५०

प्रयोगांतलं मला फार कळत नाही, पण दुसऱ्या प्रश्नावर बोलू शकते. सासर राजापूर तालुक्यात. जुनं चिऱ्याचं घर, कौलारू, मधे माजघर. जुलैत झड आत येऊ नये म्हणून पडवीला प्लास्टिक आणि झावळ्या बांधल्या की भर दुपारी माजघरात ताटातला भात आणि खोबरं वेगळं ओळखू येत नाही. त्यात लाईट गेलेली. सासूबाई एरवी तोंडाने एकदम तिखट, पण आषाढ लागला की गप्प होतात, दुपारभर पडून राहतात. सगळे म्हणतात पावसाने अंग आंबतं. मी लग्न होऊन आले तेव्हा मला वाटायचं माझ्यावरच राग आहे.

गेल्या पावसाळ्यात लेकाने मोबाईलवर उजेड मोजायचं ॲप टाकलं. माजघरात दुपारी तीसेक लक्स. पडवीत, प्लास्टिकच्या आत, तीन-चारशे. आणि छत्री घेऊन अंगणात, पाऊस पडत असताना, सहा हजाराच्या वर! मला आधी ॲपच बिघडलंय असं वाटलं. डोळ्याला एवढा फरक जाणवतच नाही.

तिरीप
रविवार, रात्री ८:१०

माजघर, ॲप बिघडलेलं नाही. मोबाईलचं मोजमाप अगदी काटेकोर नसतं, पण हे आकडे पटण्यासारखे आहेत. लख्ख उन्हात एक लाखाच्या आसपास लक्स असतात, ढगाळ दिवशी बाहेर हजार ते दहा हजार, घरात दिवा लावून शंभर-दोनशे. ऑफिसमध्ये फार तर पाचशे. आपल्याला हा फरक कळत नाही, कारण बाहुली लहान-मोठी होते आणि त्याहून जास्त म्हणजे दृष्टिपटल स्वतःला जुळवून घेतं. वाचायला-निवडायला पुरेसं दिसतंय ना, मग डोळा तक्रार करत नाही.

पण डोळ्यात तक्रार करणारं दुसरं खातं आहे. शाळेत आपण दंडपेशी आणि शंकुपेशी शिकलो. १९९८ मध्ये इग्नासिओ प्रोव्हेन्सिओ यांना बेडकाच्या त्वचेतल्या पेशींत मेलॅनॉप्सिन हे प्रकाश ओळखणारं प्रथिन सापडलं. २००२ मध्ये डेव्हिड बर्सन यांच्या गटाने दाखवलं, की दृष्टिपटलातल्या मोजक्या गँग्लियन पेशी (डोळ्यातला संकेत मेंदूकडे नेणाऱ्या) हे प्रथिन वापरून स्वतःच उजेड ओळखतात, दंड-शंकूंच्या मदतीशिवाय. त्यांना सर्वांत जास्त भावतो तो साधारण ४८० नॅनोमीटरचा, म्हणजे आकाशाच्या निळाईकडचा प्रकाश. चित्र बनवण्यात त्यांचा वाटा अगदी थोडा. एकूण उजेड किती आणि किती वेळ, एवढ्याचा हिशेब ठेवून त्या मेंदूतल्या घड्याळाला कळवतात. झोप, मेलाटोनिन (रात्र झाल्याचं शरीराला कळवणारं संप्रेरक), शरीराचं तापमान सगळं त्यावर चालतं.

नुसतं घड्याळच नाही. २०१२ साली सॅमर हत्तार यांच्या गटाने उंदरांना साडेतीन तास उजेड, साडेतीन तास अंधार अशा विचित्र दिवसात ठेवलं. त्यांची झोप आणि घड्याळ फारसं बिघडलं नाही, तरी ते मरगळले, गोड पाण्यातला रस कमी झाला. या खास पेशी नसलेल्या उंदरांना मात्र काही झालं नाही. २०१८ मध्ये त्याच गटाने या पेशींकडून मनःस्थितीशी संबंधित भागाकडे जाणारी वेगळी वाटही शोधली. उंदीर म्हणजे सासूबाई नव्हेत, हे शंकासुरांनी म्हणण्याआधी मीच म्हणते.

खारीक
रविवार, रात्री ८:४४

मग ज्यांना अजिबात दिसत नाही त्यांचं काय?

तिरीप
रविवार, रात्री ९:०२

डोळ्यातलं नेमकं काय गेलंय त्यावर आहे. दंड-शंकू गेले पण गँग्लियन पेशी शाबूत असतील, तर काही दिसत नसूनही उजेडाचा निरोप मेंदूला पोचतो आणि घड्याळ दिवस-रात्रीला धरून चालतं. काचबिंदूत मात्र मार बसतो तो याच गँग्लियन पेशींना. निरोप पूर्ण तुटला तर अनेकांचं घड्याळ रोज थोडं-थोडं सरकत जातं. काही आठवडे झोप रात्री, मग हळूहळू दिवसा. घरच्यांना वाटतं, आळस आहे.

काजळकाठ
सोमवार, सकाळी ७:३०

मी ऑप्टोमेट्रिस्ट आहे, म्हणजे नजर तपासून चष्म्याचा नंबर काढणारी. मोतीबिंदूच्या शिबिरांना बरीच वर्षं जाते, मुख्यतः सोलापूर-धाराशिव पट्ट्यात. तिरीपताईंनी कॉन्ट्रास्टचा विषय काढला ते फार बरं झालं.

दवाखान्यात अक्षरांचा जो तक्ता असतो तो स्नेलेनचा, १८६२ मधला. पांढऱ्यावर ठार काळी अक्षरं, फक्त लहान-लहान होत जाणारी. पण रोजच्या जगात ठार काळं-पांढरं असतं कुठे? पायरीची कड, दुधातली साय, समोरच्याच्या चेहऱ्यावरची नाराजी, सगळं करड्यावर करडं. त्यासाठी वेगळा तक्ता आहे, पेली-रॉबसन, १९८८ चा. त्यात अक्षरांचा आकार तोच राहतो, तीन-तीन अक्षरांनी फिकट होत जातात. आमच्याकडे एखादी बाई स्नेलेनवर शेवटच्या ओळीपर्यंत घडाघडा वाचते आणि तरी म्हणते "नीट दिसत नाही गं". घरचे म्हणतात नाटकं. हा फिकट तक्ता लावला की अर्ध्यात अडकते. तो तक्ता सगळीकडे असतोच असं नाही, आणि असला तरी गर्दीत लावायला वेळ कुणाला असतो?

आता मोतीबिंदू. डोळ्यातलं भिंग वयाबरोबर पिवळट, मग तपकिरी होत जातं. हे भिंग आधी निळा प्रकाश अडवतं. म्हणजे ज्या पेशींना निळाई हवी, त्यांच्याच वाटेवर पडदा. ऑपरेशन करून नवीन भिंग बसवलं की दुसऱ्या दिवशी पट्टी काढताना बऱ्याच जणांना सगळं निळसर-पांढरं झगझगीत दिसतं. काही दिवसांत सवय होते. काही अभ्यासांत ऑपरेशननंतर झोप सुधारल्याचंही दिसलंय. मोने या फ्रेंच चित्रकाराचं १९२३ साली उजव्या डोळ्याचं ऑपरेशन झालं, त्याआधीची त्याची काही चित्रं तांबूस-तपकिरी आहेत. नंतर त्याला निळं फार दिसायला लागलं म्हणून त्याची चिडचिड, ती वेगळीच.

आनंद होतोच असं समजू नका. एक आजी पट्टी काढून घरी गेल्या आणि तपासणीला आल्या त्या सुनेवर भडकलेल्या. "भिंती इतक्या कळकट, भांड्यांना तळाशी राख, आणि मला कोणी बोललं नाही!" सून कोपऱ्यात तोंड दाबून हसत होती. दुसऱ्या एका बाईंनी आरसा पाहून विचारलं, ह्या सुरकुत्या तुम्ही घातल्या का?

शंकासुर
सोमवार, सकाळी ९:१०

काजळकाठ यांचा प्रतिसाद मूळ धाग्यापेक्षा भारी (तिरीप, रागावू नका). एक प्रश्न. दिसणं कमी झालं म्हणून बाहेर जाणं बंद, वाचन बंद, पत्त्यांचा डाव बंद, मग उदासी आली, हा सरळ मार्गही असू शकतो ना? प्रत्येक ठिकाणी मेलॅनॉप्सिन कशाला?

काजळकाठ
सोमवार, सकाळी ९:४८

असू शकतो कशाला, तोच मोठा मार्ग आहे. म्हातारा माणूस एकदा पायरीवरून घसरला की संध्याकाळी देवळात जाणं सोडतो. त्यात निळ्या प्रकाशाचा संबंध नाही.

उत्तरायण
सोमवार, दुपारी २:२५

नॉर्वेतून लिहितोय, ट्रोम्सो. इथे नोव्हेंबरच्या शेवटी सूर्य मावळतो तो जानेवारीच्या मध्यावर उगवतो. दुपारी तास-दोन तास निळसर संधिप्रकाश, बाकी रात्र.

अशा अंधाऱ्या हिवाळ्यात येणाऱ्या उदासीला हिवाळी नैराश्य हे नाव मिळालं १९८४ मध्ये. नॉर्मन रोझेन्थाल, दक्षिण आफ्रिकेतून अमेरिकेत आलेले मानसोपचारतज्ज्ञ. पहिला हिवाळा त्यांना स्वतःलाच जड गेला होता. त्यांच्या संस्थेकडे एक अभियंता आला, ज्याने वर्षानुवर्षं आपल्या मूडच्या नोंदी वहीत ठेवलेल्या, आणि ऋतूप्रमाणे चढउतार दाखवून दिले. त्यातून दिव्याचे उपचार सुरू झाले. आज सर्वसाधारण पद्धत म्हणजे १०,००० लक्सचा दिवा, सकाळी उठल्यावर अर्धा तास. दिव्याकडे टक लावून बघायचं नाही, बाजूला ठेवून चहा प्यायचा, पेपर वाचायचा. खोक्यावर १०,००० लिहिलेलं असतं ते ठरावीक अंतरावर, बहुतेक वेळा हातभरसुद्धा नाही. लांब कपाटावर ठेवला की तो साधा दिवा.

इथून दक्षिणेला र्‍युकान नावाचं गाव आहे, खोल दरीत. सप्टेंबरअखेर ते मार्चपर्यंत डोंगरामुळे ऊन गावात पोचत नाही. २०१३ मध्ये त्यांनी डोंगरावर तीन मोठे आरसे बसवले, सूर्याप्रमाणे वळणारे, ते चौकावर ऊन पाडतात. लोक तेवढ्या तुकड्यात येऊन उभे राहतात.

पण शंकासुरांसाठी उलटा दाखलाही देतो. आइसलँड एवढं उत्तरेला, तरी तिथे हिवाळी नैराश्याचं प्रमाण अपेक्षेपेक्षा बरंच कमी आढळलंय. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर ते जास्त! तेव्हा नुसत्या लक्सवर सगळं ठरत नाही. इथले जुने लोक अंधाराला घाबरत नाहीत. मेणबत्त्या लावतात, बर्फात चालायला जातात, मित्रांना जेवायला बोलावतात. मी मात्र दिवा लावतो. मिरजेच्या उन्हात वाढलेल्या माणसाला मेणबत्त्यांनी काय होणार.

एक इशारा: ज्यांना द्विध्रुवी (बायपोलर) विकार आहे त्यांनी हा दिवा स्वतःच्या मनाने वापरू नये, उन्माद उफाळू शकतो. दृष्टिपटलाचा आजार असेल तरी आधी डॉक्टर.

संपादक
सोमवार, दुपारी ४:००

उत्तरायण यांची शेवटची ओळ सर्वांनी वाचावी. औषधांची नावं आणि डोस धाग्यावर देऊ नयेत, दिल्यास प्रतिसाद उडवला जाईल.

अबोली_अबोल
सोमवार, रात्री ११:३५

इथे पहिल्यांदाच लिहितेय. मी नैराश्यातून गेलेय, औषध-समुपदेशन दोन्ही झालं. रंग फिके वगैरे मला आठवत नाहीत. मंडईत टोमॅटो लालच होते. फक्त नजर कशावर ठरायची नाही. आणि चेहरे. वॉचमन, मावशी, लेकीच्या वर्गशिक्षिका, सगळे माझ्यावर वैतागलेले दिसायचे. खरंच दिसायचे, मी कल्पना करत नव्हते. बरं वाटायला लागलं त्याच्या आधीच एकदा लिफ्टमध्ये लक्षात आलं की शेजारच्या काकू नुसत्या उभ्या आहेत, चिडलेल्या नाहीत. मन तेव्हाही तसंच जड होतं. हे असं उलट्या क्रमाने होतं का?

तिरीप
मंगळवार, सकाळी ६:५५

अबोली, लिहिलंत ते फार मोलाचं आहे.

हो, तुम्ही सांगताय तोच क्रम प्रयोगांत दिसलाय. नैराश्यात कोऱ्या चेहऱ्यावरही दुःख किंवा राग वाचला जातो, हे अनेक ठिकाणी मोजलं गेलंय. ऑक्सफर्डच्या कॅथरीन हार्मर यांच्या गटाने त्याच्या पुढचं पाहिलं. नैराश्यावरच्या औषधाने मूड सुधारायला काही आठवडे लागतात. पण चेहरे वाचण्यातला कल पहिल्या मात्रेनंतरच हलायला लागतो. माणूस म्हणतो "काही फरक नाही", आणि चाचणीत मात्र त्याला हसरे चेहरे जास्त अचूक ओळखता येतात. त्यांचं म्हणणं असं, की औषध थेट आनंद देत नाही, ते आत येणाऱ्या मालाची निवड बदलतं. बदललेल्या चेहऱ्यांच्या जगात काही आठवडे वावरल्यावर मन हळूहळू वर येतं. आणि कोणाशीच गाठ पडत नसेल तर औषधालाही काम करायला कमी वाव, असंही त्यातून निघतं.

मी सुरुवातीला दुसरा प्रश्न जास्त भक्कम म्हटलं ते यासाठीही.

शंकासुर
मंगळवार, सकाळी ८:२०

चेहरा चिडका वाटणं हे दिसणं की अर्थ लावणं, यावर मी एल ग्रेकोला पुन्हा बोलावू शकतो. पण अबोली यांच्या प्रतिसादाखाली ते करणार नाही.

फेज-न्यूट्रल
मंगळवार, सकाळी १०:३०

इलेक्ट्रिकल कामं करतो, डोंबिवली. लोक घर रंगवायला लाख रुपये घालतात आणि दिव्याला विचारतात "सर्वात पांढरा कुठला?" मग हॉल, बेडरूम, देवघर सगळीकडे ६५०० केल्विनची बॅटन. रात्री अकराला घर दुकानासारखं.

खोक्यावर दोन आकडे बघा. केल्विन: ३००० म्हणजे जुन्या बल्बसारखा पिवळसर, ६५०० म्हणजे दुपारचा निळसर. सकाळी कामाच्या जागी पांढरा चालेल, झोपायच्या खोलीत पिवळा. दुसरा सीआरआय, म्हणजे त्या उजेडात रंग किती खरे दिसतात त्याचा आकडा, हा कोणी बघत नाही. ८० च्या खाली असला की लाल रंग मरतो. वरणावरची फोडणी मातकट, माणसाचा चेहरा आजारी. स्वयंपाकघरात आणि आरशावर ९० चा लावा. किंमत थोडी जास्त पडते.

माजघर ताई, तुमच्याकडे आधी काचेची कौलं वाढवा. चार कौलं बदलली तर दिव्याचं बिल लागत नाही आणि लाईट गेली तरी उजेड राहतो. ओट्यावर आणि बसायच्या जागेवर पडतील अशी बघून लावा, आणि वरून झाडाचा पाला साचू देऊ नका.

खारीक
मंगळवार, सकाळी ११:१५

भिंतीच्या रंगाचं पण सांगा कोणीतरी. वास्तुवाल्याने बेडरूमला गुलाबी सांगितलाय, मन शांत राहतं म्हणून.

शंकासुर
मंगळवार, दुपारी १२:४०

गुलाबी! १९७९ मध्ये सिअ‍ॅटलच्या नौदल तुरुंगात एका कोठडीला खास गुलाबी रंग दिला, कैदी शांत झाले असा गाजावाजा झाला, अमेरिकेत ठिकठिकाणी कोठड्या गुलाबी झाल्या. पुढे स्वित्झर्लंडमधल्या तुरुंगात नीट तुलना करून बघितलं, तर गुलाबी आणि पांढऱ्या कोठडीत फरक आढळला नाही. रंग आवडत असेल तर लावा, वास्तुवाल्याची फी वाचवा.

भिंतीपेक्षा खिडकी बघा. रॉजर उलरिच, १९८४. पेनसिल्व्हेनियातलं एक रुग्णालय, पित्ताशयाचं ऑपरेशन झालेले रुग्ण, २३ जोड्या. एकाच्या खिडकीतून झाडं, दुसऱ्याच्या खिडकीतून विटांची भिंत. झाडंवाले सरासरी पाऊण दिवस आधी घरी गेले आणि त्यांना तीव्र वेदनाशामकं कमी लागली. अभ्यास लहान आहे, त्यावरून देवराई लावायला धावू नका, पण जोड्या नीट लावलेल्या होत्या, आणि कोणाला "कसं वाटतंय?" विचारून काढलेला निष्कर्ष नव्हता. म्हणून मला तो आवडतो.

खारीक
मंगळवार, दुपारी १२:५२

आमच्या खिडकीतून समोरच्या बिल्डिंगचं ड्रेनेज पाईप दिसतं. झाड कुंडीतलं चालेल का?

पाणवठा
मंगळवार, रात्री ९:२०

थोडं अवांतर होईल. काजळकाठ ताई, माझी आत्या ८१ वर्षांची, दोन्ही डोळ्यांचा मधला भाग गेलाय म्हणतात. महिनाभर तिला संध्याकाळी खोलीत लहान मुलं दिसतात, रंगीत टोप्या घातलेली, काही बोलत नाहीत. ती घाबरली आहे, जेवण तुटलंय, सारखी रडते. गावाकडचे म्हणतात बाहेरचं आहे, देवऋषाकडे न्या. चुलतभाऊ म्हणतो वेड लागलं. काय करावं?

काजळकाठ
मंगळवार, रात्री १०:०५

पाणवठा, आधी आत्यांना हे विचारा: ती मुलं खरी नाहीत हे त्यांना कळतं का? आवाज येतात का? एरवी बोलणं-ओळखणं, पैशांचा हिशेब नीट आहे का?

मुलं खरी नाहीत हे कळत असेल, आवाज नसतील आणि बाकी डोकं ठिकाणावर असेल, तर चार्ल्स बोने सिंड्रोम असण्याची शक्यता बरीच आहे. या स्विस माणसाने १७६० मध्ये आपल्या आजोबांबद्दल हे लिहून ठेवलंय, आजोबांना मोतीबिंदू होता आणि माणसं, पक्षी, इमारती दिसायच्या. डोळ्यांकडून माल येणं कमी झालं की मेंदूचा दृष्टीचा भाग स्वतःच चित्रं तयार करतो. हे वेड नाही आणि बाहेरचंही नाही. शिबिरात मी हे हळूच विचारते तेव्हा कितीतरी म्हाताऱ्या माणसांचा बांध फुटतो, कारण वेड्यात काढतील म्हणून त्यांनी घरी कोणाला सांगितलेलंच नसतं. नुसतं समजावून सांगितलं तरी भीती बरीच उतरते. दिसायला लागलं की खोलीतला दिवा लावायचा, नजर डावी-उजवीकडे फिरवायची, उठून दुसऱ्या खोलीत जायचं. बऱ्याचदा चित्र जातं.

पण हे मी इथे बसून ठरवू शकत नाही. आवाज येत असतील, किंवा मुलांना जेवायला वाढा असं म्हणत असतील, तर मेंदूच्या डॉक्टरांना दाखवावं लागेल. जेवण तुटलंय आणि रडू येतंय, तर तेही स्वतंत्रपणे सांगा, नुसतं डोळ्यांचं सांगून परत येऊ नका. आधी रेटिनावाल्या डॉक्टरांकडे जा, चालू औषधांची पुडकी सगळी बरोबर न्या. डोळ्यात थेंब घातल्यावर काही तास उजेड सहन होत नाही आणि जवळचं दिसत नाही, तेव्हा आत्यांबरोबर धरायला कोणीतरी असू द्या आणि काळा चष्मा ठेवा.